जुन्या गाडीच्या इंजिनाला सुपरचार्जर बसवायचाय? मग या क्रमाने जा

सुपरचार्जर म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून बेल्टने फिरणारा हवेचा पंप. इंजिन स्वतःहून जेवढी हवा ओढतं त्यापेक्षा जास्त हवा तो सिलिंडरमध्ये कोंबतो. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि ताकद वाढते. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, म्हणून त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो. सुपरचार्जर पाय दाबताच हजर असतो, आणि जुन्या गाडीत हा पिकअप फार सुखाचा वाटतो. कल्पना मुळीच नवी नाही. मर्सिडीजने १९२१ सालीच कॉम्प्रेसरवाल्या गाड्या लोकांसमोर आणल्या होत्या.

पंप बसवणं हे या कामातलं सोपं अंग आहे. इंजिन टिकतं ते पेट्रोल, टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) आणि उष्णता सांभाळल्यामुळे. म्हणून बजेट आखताना निम्मे पैसे या तिघांसाठी राखून ठेवा. ते जमणार नसेल तर पंपाची खरेदीही पुढे ढकला.

१. आधी इंजिनाची तब्येत

इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि स्टार्टर मारून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती आला यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तिथेच थांबा. कमी पडलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा.

तेल खाणारं, निळा धूर मारणारं किंवा चढावर तापणारं इंजिन बूस्टसाठी, म्हणजे पंपाच्या जादा दाबासाठी, घेऊ नका. आधी ते उघडून नीट बांधा. रेडिएटर, वॉटर पंप, क्लच आणि ब्रेक याच वेळी तपासून घ्या.

२. कॉम्प्रेशन रेशो आणि बूस्टची मर्यादा

गाडीच्या मॅन्युअलमधून कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवेला किती पट दाबतो तो आकडा) शोधा. ८ ते ९ असेल तर काम बरंच सोपं. १० च्या पुढे असेल तर बूस्ट अगदी कमी ठेवावा लागतो किंवा कमी रेशोचे पिस्टन घालावे लागतात. जाड हेड गॅस्केट घालूनही रेशो उतरवता येतो, पण ज्वलनकक्षाचा आकार त्याने बिघडतो. मला तो उपाय आवडत नाही.

मूळचे कास्ट (ओतीव) पिस्टन असलेल्या जुन्या इंजिनासाठी ५ ते ६ पीएसआय (दाबाचं एकक, दर चौरस इंचाला पौंड) बूस्ट पुरे. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय असतो, म्हणजे कागदावर ६ पीएसआयने सुमारे ४० टक्के हवा वाढते. हवा तापल्याने ती विरळ होते आणि पंप स्वतः फिरायलाही ताकद घेतो, त्यामुळे हातात त्यापेक्षा कमी पडतं. शंभर अश्वशक्तीचं इंजिन १३० च्या आसपास गेलं तरी रस्त्यावर ती वेगळीच गाडी वाटते.

३. पंप निवडणं आणि पुलीचं गणित

रूट्स प्रकारचे (दोन रोटर एकमेकांत फिरून हवा ढकलणारे) पंप कमी आरपीएमपासून दाब देतात, बांधणीला मजबूत असतात आणि जुन्या बाजारात सहज सापडतात. सेंट्रिफ्युगल प्रकारात (पंख्यासारख्या चाकाने हवा फेकणाऱ्या) दाब आरपीएमबरोबर चढत जातो. तो हवा कमी तापवतो, पण खालची ओढ तेवढी देत नाही. शहरात चालवायच्या गाडीला मी रूट्सच सुचवेन.

इटनच्या एम४५, एम६२, एम९० या पंपांच्या नावातला आकडा म्हणजे एका फेरीत ढकललेली हवा, घनइंचात. एम६२ म्हणजे फेरीला साधारण एक लिटर. आता दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. क्रँकच्या दर फेरीला ते एक लिटर हवा घेतं. क्रँकची पुली १५० मिमी आणि पंपाची १०० मिमी असेल तर पंप दीडपट फिरेल आणि दीड लिटर हवा ढकलेल. म्हणजे निम्मा वातावरणी दाब जास्त, सुमारे ७ पीएसआय. पंपाची पुली मोठी केली की बूस्ट उतरतो. सुरुवात नेहमी मोठ्या पुलीने करा. शेवटी इंजिनाच्या कमाल आरपीएमला पंप किती फिरतोय तेही काढा. तो आकडा पंप बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आत हवा.

वापरलेला पंप घेताना शाफ्ट हाताने फिरवून बघा. रोटर एकमेकांना किंवा बॉडीला घासल्याचे ओरखडे दिसले तर घेऊ नका. पंपाच्या गिअरकेसमध्ये वेगळं तेल असतं, ते बदला.

४. ब्रॅकेट, बेल्ट आणि हवेचा मार्ग

ब्रॅकेट जाड पत्र्याचं आणि ब्लॉकला किमान तीन ठिकाणी पकडलेलं हवं. सगळ्या पुल्या एका रेषेत आल्या पाहिजेत. सरळ पट्टी लावून बघा, एखाद्या मिलिमीटरची तिरकसही बेल्ट खाते. पंपाच्या पुलीला बेल्टचा जास्तीत जास्त विळखा बसेल अशी आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) ठेवा आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर घाला.

रूट्स पंपाला बायपास व्हॉल्व्ह लावा, म्हणजे हलक्या पायाने चालवताना हवा गोल फिरते आणि पंपावर फुकटचा भार येत नाही. क्रँककेसच्या पीसीव्ही नळीत (इंजिनाच्या पोटातला वायू परत इनटेककडे नेणाऱ्या) एकमार्गी व्हॉल्व्ह हवाच. तो विसरला तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल सील बाहेर फेकले जातात. ब्रेक बूस्टरच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्हही फुंकून तपासा.

उष्णतेचा अंदाज हवा असेल तर एक हिशोब: ३० अंशांची हवा ७ पीएसआयपर्यंत दाबली की साध्या रूट्स पंपातून ती ९० अंशांच्या आसपास बाहेर पडते. म्हणून जागा असेल तर इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) घाला.

५. पेट्रोल: इथे घाई नको

बूस्टखाली मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालं तर पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान हवं. ते पाहायला एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवा. नाकाने किंवा कानाने हे कळत नाही.

कार्ब्युरेटरच्या गाडीत दोन मार्ग आहेत. कार्ब्युरेटर पंपाच्या आधी ठेवला तर त्यात फारसा बदल लागत नाही, जेट मोठे केले की भागतं. मात्र पंपातून पेट्रोलमिश्रित हवा जात असल्याने इंटरकूलर चालत नाही. कार्ब्युरेटर पंपानंतर, म्हणजे पंप आणि इंजिन यांच्या मधे, ठेवला तर तो सगळा दाबाखाली येतो. मग फ्लोट चेंबरलाही तोच दाब द्यावा लागतो, स्पिंडलच्या सीलकडे लक्ष द्यावं लागतं, पोकळ फ्लोट चेपला जाण्याची भीती असते आणि पेट्रोलचा दाब बूस्टइतकाच वाढवणारा रेग्युलेटर लागतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने पहिला मार्ग धरावा.

इंजेक्शनची गाडी असेल तर मोठे इंजेक्टर, जास्त क्षमतेचा पेट्रोलचा पंप, वातावरणी दाबापलीकडे वाचू शकणारा मॅप सेन्सर आणि नव्याने ट्यून केलेला ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), हे चारही लागतील.

६. टायमिंग आणि प्लग

सर्वसाधारण नियम असा की दर एक पीएसआय बूस्टमागे टायमिंग एक अंशाने मागे घ्यायचं, म्हणजे स्पार्क तेवढा उशिरा पाडायचा. डिस्ट्रिब्युटर असेल तर बूस्ट पाहून टायमिंग मागे घेणारं युनिट मिळतं, ते लावा. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्या आणि गॅप ०.७ मिमीच्या आसपास आणा, नाहीतर दाबाखाली स्पार्क विझतो. पेट्रोल मिळेल तेवढ्या जास्त ऑक्टेनचं भरा.

७. पहिली चालवणी

इंजिन चालू करून बेल्ट आणि नळ्यांकडे बघा, हवा गळत असेल तर सुस्कारा ऐकू येतो. पहिले दिवस हलक्या पायाने चालवा. मग डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), टप्प्याटप्प्याने बूस्ट वाढवत ट्यून करून घ्या. मोकळा रस्ता ही त्याची जागा नव्हे. नोंदणी आणि विमा यांच्या नियमांत हा बदल कसा बसतो ते त्याआधीच विचारून ठेवा.

डायनोनंतर प्लग काढा आणि भिंग घेऊन पांढऱ्या चिनी मातीकडे नीट बघा. हलका तपकिरी रंग असेल तर ठीक. पण त्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक रुपेरी कण दिसले तर नॉकिंग (मिक्श्चरचा अवेळी स्फोट) झालं आहे. ते रुपेरी कण पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहेत. अशा वेळी टायमिंग आणखी मागे घ्या, मिक्श्चर रिच करा किंवा मोठी पुली लावा आणि नव्या प्लगने पुन्हा तपासा. प्लग स्वच्छ आले की पाचशे किलोमीटरला बेल्टचा ताण, ब्रॅकेटचे बोल्ट आणि इंजिन ऑइल बघा. ऑइल पुढे नेहमीपेक्षा लवकर बदलत चला.