न्यायालयाच्या आदेशाने मनोरुग्णालयात असलेल्या नातेवाइकाचे हक्क कसे जपावेत

आसामात १९५१ साली अटक झालेल्या माचांग लालुंग यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. ते बरे झाल्याचे डॉक्टरांनी १९६७ मध्ये कळवले. तरीही खटला न चालताच ते २००५ पर्यंत कोठडीत राहिले. न्यायालय आणि रुग्णालय यांच्यामधला कागद हरवला की माणूसही हरवतो, म्हणून कुटुंबाने सर्वप्रथम कागद हाती घ्यावा.

येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरी, आपला माणूस कोणत्याही मनोरुग्णालयात असो, तो ज्या आदेशाखाली तिथे आहे त्याची प्रमाणित प्रत संबंधित न्यायालयातून मिळवा. आजारामुळे खटला थांबलेला आरोपी, मनोविकलतेच्या कारणाने निर्दोष ठरलेली व्यक्ती आणि तुरुंगातून उपचारासाठी आणलेला कैदी या तिघांचे सुटकेचे मार्ग वेगळे आहेत. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मनोरुग्णालयात ताब्यात असलेल्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१०० वरही मदत मागता येते.

खटला थांबलेला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याचे) कलम ३६९ बारकाईने वाचावे. दाखल होऊन उपचार घेण्याची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्र बाह्यरुग्ण उपचारांची हमी देत असेल, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामिनाचा विचार होऊ शकतो. शासकीय मनोरुग्णालयातील आरोपी बचाव करण्यास सक्षम झाल्याचे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने (मनोरुग्णांच्या हक्कांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली नेमलेल्या मंडळाने) प्रमाणित केल्यावर, कलम ३७६ नुसार त्याला न्यायालयापुढे आणावेच लागते. माझ्या मते याच टप्प्यावर माणसे सर्वाधिक अडकतात. म्हणून मंडळाकडे आणि न्यायालयाकडे एकाच वेळी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पुढील तारीख स्वतः विचारा. निर्दोष ठरूनही ताब्यात असलेल्यांसाठी कलम ३७७ अन्वये सुटकेचा आदेश राज्य शासन देते, आणि त्यासाठीही मंडळाचा दाखला लागतो.

संविधानाच्या अनुच्छेद २१ चे, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार साखळदंड, एकांतकोठडी आणि भूल न देता विजेचे झटके देणे यांना पूर्ण बंदी आहे, सक्तीने मुंडण करता येत नाही, आणि शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून कोणाला बांधून ठेवता येत नाही. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद ठेवून बांधून ठेवता येते. भेटीत अंगावर वळ दिसले तर त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा, वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागा आणि मंडळाकडे तक्रार करा. त्यासाठी शुल्क नाही. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. ताबाच बेकायदेशीर असेल तर अनुच्छेद २२६ खाली हेबियस कॉर्पस याचिका (ताब्यातील व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी) नातेवाईकही दाखल करू शकतात.