सातपुड्यातील मुक्काम आणि डासांपासून बचाव

पावसाळा सरत आला की यावल अभयारण्य आणि तोरणमाळकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढते. नेमक्या त्याच दिवसांत ओढ्यांचा जोर ओसरून खडकांच्या खळग्यांत पाणी साचते आणि उबदार हवेत अंड्यापासून उडता डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरे होतात. अशा खळग्यात डोकावून पाहिल्यास वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या राहणाऱ्या अळ्या मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलिसच्या, तर डोके खाली करून तिरप्या लटकणाऱ्या अळ्या एडिस किंवा क्युलेक्सच्या असतात. अळ्या कोणत्याही असोत, शिदोरी सोडायला दुसरी जागा शोधावी.

जंगल पाहण्याची वेळ आणि डास चावण्याची वेळ बहुतांशी एकच असते, ही खरी अडचण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस सकाळी उजाडल्यानंतर आणि सूर्य मावळण्यापूर्वी अधिक चावतो, तर अॅनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. म्हणून पहाटे निघतानाच फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत. शेवभाजीची पंगत ओट्यावर बसते तेव्हा घोट्यांकडे कुणाचेच लक्ष नसते, आणि डास तिथेच साधतात.

डासरोधक मलम घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत. 20 ते 30 टक्के डीट किंवा 20 टक्के पिकारिडीन असलेले मलम काही तास टिकते. सिट्रोनेला तेलाचा परिणाम मात्र लवकर ओसरतो. उन्हाचे मलम आधी, डासांचे नंतर लावावे आणि घाम आल्यास वेष्टनावरील सूचनेप्रमाणे पुन्हा लावावे. लहान मुलांना ते आपल्या तळहातावर घेऊन लावावे. त्यांच्या हातांना लावू नये, कारण हात तोंडात जातात.

मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचावी. जाळीला टेकलेल्या कोपराला डास बाहेरूनही चावतो, म्हणून ती ऐसपैस असावी. धुरासाठी शेकोटी पेटवू नये. वाळल्या गवतात एक ठिणगीही महागात पडते.

परतल्यानंतर महिनाभरात ताप आल्यास जंगलातील मुक्कामाची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी आणि रक्त तपासून घ्यावे. डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.