फळमाशीसाठी ट्रायकोकार्ड आणताय? या चुका टाळा

इंदूरला परसात पेरू आणि मांडवावर गिलकी असली की पावसाळ्यात फळमाशी ठरलेलीच. पेरू वरून देखणा, कापला की आत वळवळ. मग शेजारचे काका सांगतात, "मित्रकीटकांचं कार्ड आणून टांगा." पहिली चूक हीच. हे ट्रायकोकार्ड, आणि त्यातली ट्रायकोग्रामा ही चिमुकली गांधीलमाशी मुख्यतः पतंगांची अंडी शोधते. फळमाशी अंडी सालीच्या आत घालते, त्यामुळे तिच्यासाठी हे कार्ड म्हणजे पैसे वाया.

फळमाशीवरच्या परजीवी गांधीलमाश्या वेगळ्या. फोपियस अरिसॅनस माशीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि तिची पिल्लं शेवटी माशीच्या कोषातून बाहेर पडतात. वेलीवरच्या माशीची वैरीण सिटालिया फ्लेचेरी तर १९१६ मध्ये भारतातूनच हवाईला नेली होती. म्हणजे घरचं माणूस असताना बाहेर शोधाशोध कशाला? फक्त त्यांना मारू नका.

मारतो कसं? टोमॅटोच्या पानावर नागमोडी पांढऱ्या रेघा दिसल्या की लगेच सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा! या रेघा पाडणारी नागअळी हीसुद्धा माशीचीच अळी, पण वेगळ्या माशीची. पान उन्हासमोर धरून बघा: रेघेच्या टोकाशी पिवळी अळी हलत असेल तर ती जिवंत. तपकिरी, मलूल पडलेली असेल तर बहुधा एखाद्या परजीवीने ती गाठली आहे. अशा अळ्या बऱ्याच दिसल्या तर पंप खाली ठेवा. अशा फवाऱ्यात परजीवी आधी मरतात, पानाच्या आतली अळी बचावते आणि नागअळी आणखी फोफावते. पिवळे चिकट सापळेही जपून लावा, त्यांना मित्र-शत्रू कळत नाही.

कामगंध (वासाने माशी ओढणाऱ्या) सापळ्यांतल्या आमिषाचीही गल्लत होते. पेरूसाठी मिथाईल युजेनॉल, गिलकी-दोडक्यासाठी क्यू-ल्यूर. उलटं लावलं की सापळा रिकामाच. शिवाय दोन्हींत नरच येतात, म्हणून एका सापळ्याच्या भरवशावर राहू नका.

गळलेली फळं झाडाखाली सडू देणं सगळ्यात महागात पडतं, कारण अळ्या मातीत शिरून कोष करतात. आपल्याकडे कचरागाडी दारात येते, ओल्या कचऱ्यात टाकलं की सुटलो! माश्या जातात खऱ्या, पण त्यांच्या आतल्या परजीवीही जातात. त्यापेक्षा बादलीत थोडी वाळू घालून त्यावर फळं ठेवा, तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधून सावलीत ठेवा. जाळीतून माशी जाऊ नये, पण बारीक अंगाची परजीवी निसटावी, एवढंच भोक हवं. नंतर रिकामे कोष तपासा: माशी निघाली असेल तर टोकाची टोपी सरळ उघडलेली दिसते, परजीवी निघाली असेल तर भोक कुरतडलेलं.

आणि परजीवी आहेत म्हणून पेरू उघडे ठेवू नका. मोठ्या फळात खोल शिरलेल्या अळीपर्यंत त्यांची अंडी घालायची नळी पोचत नाही. फळ लहान असतानाच पिशवी बांधा.