कम्युनिटी कॉलेजात परकी भाषा शिकताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातील सेमिस्टर पद्धतीच्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत, राज्याच्या रहिवाशांना एका युनिटसाठी (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) 46 डॉलर शुल्क पडते, म्हणजे पाच युनिटांचा स्पॅनिश 1 हा अभ्यासक्रम 230 डॉलरांत होतो. शुल्क कमी म्हणून अभ्यासही हलका असेल, असे गृहीत धरणे ही पहिली चूक होय. एका युनिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून आठवड्याला सुमारे तीन तास अपेक्षित असतात; त्या हिशेबाने पाच युनिटांना पंधरा तास लागतात. गणित आणि संगणकाच्या अवघड विषयांबरोबर तोंडी लावायला म्हणून जपानी घेणारा विद्यार्थी हिरागाना ही पहिली लिपी संपवून काताकाना ही दुसरी सुरू होताच मागे पडतो, कारण भाषेत एका आठवड्याची राहिलेली उजळणी पुढच्या आठवड्यात दुप्पट होऊन समोर उभी राहते.

दुसरी चूक नोंदणीपूर्वीची आहे. शाळेत दोन वर्षे स्पॅनिश शिकलेला विद्यार्थी सोपी ए श्रेणी मिळेल या आशेने पुन्हा पहिल्या पातळीत बसतो, वास्तविक त्याची जागा सहसा स्पॅनिश 2 मध्ये असते. आपली पातळी समुपदेशकाकडून आधीच ठरवून घ्यावी. सी किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळाल्यावर तोच अभ्यासक्रम सहसा पुन्हा घेता येत नाही.

मराठी माध्यमात शिकून तिकडे गेलेल्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. कम्युनिटी कॉलेजातून पुढे विद्यापीठात जाणाऱ्यांनी कोणते सामान्य विषय पूर्ण करावेत हे ठरवणाऱ्या आयगेट्सी या जुन्या आराखड्यात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्यांसाठी इंग्रजीखेरीज एका भाषेची अट होती आणि सहावी किंवा त्यापुढील दोन वर्षांचे शिक्षण इंग्रजीखेरीज अन्य माध्यमात, पुरेशा गुणांनी झाले असेल तर ती अट पूर्ण झाली असे मानले जाई. 2025 च्या शरद सत्रापासून त्याच्या जागी आलेल्या कॅल-गेट्सी या आराखड्यात ही अट नाही. परंतु विद्यापीठाच्या शाखा आणि विषय यांनुसार पदवीसाठी ती लागू असू शकते. सातवी-आठवीची गुणपत्रिका कपाटात असताना केवळ अट भागवण्यासाठी सत्र खर्च करणे शहाणपणाचे नाही. भाषेची आवड असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

सर्वांत महाग पडणारी चूक वर्गात होते, आणि ती म्हणजे नवी भाषा इंग्रजीमार्गे शिकणे. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असल्यामुळे मराठी विद्यार्थीही ‘मे गुस्ता एल काफे’ हे वाक्य इंग्रजीच्या साच्यात बसवू पाहतो आणि ‘यो गुस्तो’ असे चुकीचे रूप घडवतो. हीच रचना मराठीत जशीच्या तशी आहे: मला कॉफी आवडते, मला पुस्तके आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. जपानीतही ‘निहोन नि इकिमासु’ म्हणजे ‘जपानला जातो’; ‘नि’ आपल्या ‘ला’च्या जागी, क्रियापद शेवटी. उच्चारांतही तेच घडते. स्पॅनिशमधील ‘तोमाते’ दंत्य ‘त’ने उच्चारायचे असते, तो ‘त’ आपल्या जिभेवर आधीच असतो, तरीही इंग्रजी लिपी पाहून आपण ‘टोमाटे’ म्हणतो. वहीत उच्चार देवनागरीत लिहिल्यास ही चूक पहिल्याच आठवड्यात कमी होते. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, हा फरक मात्र मुद्दाम घोटावा लागतो.

मराठी सर्वत्र उपयोगी पडते असे नाही. स्पॅनिशमधील ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच ‘असणे’ आहे. तरीही ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे आणि ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळला आहे, असे मराठीत मांडले की गाठ पुष्कळ सुटते. जर्मनमध्ये तर सावधच राहावे: दोन्ही भाषांत तीन लिंगे असली, तरी आपले ‘ते टेबल’ तिथे पुल्लिंगी ‘डेर टिश’ असते.

ऑनलाइन वर्गातील गृहपाठ भाषांतर-यंत्राकडून करून घेणे फार काळ लपत नाही, कारण पहिल्या सत्रातील विद्यार्थ्याच्या निबंधात अचानक संकेतार्थी भूतकाळ अवतरला की प्राध्यापकांच्या ते लगेच लक्षात येते.

इतके करूनही गाडी रुळावरून घसरली, तर प्रथम प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन नेमके काय अडते ते विचारावे आणि कॉलेजच्या वेळापत्रकातील वर्ग सोडण्याच्या दोन्ही तारखा पाहाव्यात. त्यांतील पहिल्या तारखेपूर्वी सोडल्यास गुणपत्रिकेवर खूण राहत नाही. नंतर सोडल्यास ‘डब्ल्यू’ (वर्ग सोडल्याची नोंद) येतो. त्याचा सरासरीवर परिणाम होत नसला, तरी तो त्या अभ्यासक्रमाचा एक प्रयत्न म्हणून मोजला जातो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याने मात्र एकूण युनिट बाराच्या खाली जात नाहीत ना, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय वर्ग सोडू नये.