ऑटोमॅटिक गाडीचा झटका: फ्लश नव्हे, तीनदा तेल बदलून गेला

गाडी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), ९०,००० किलोमीटर चाललेली. सकाळी रिव्हर्स टाकला की दोन सेकंद काहीच नाही, मग धक्का. साखळीहून चोर्ला घाट चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके.

गिअरबॉक्सचं माउंटिंग बदललं, कंप्यूटर रीसेट केला, फरक शून्य. ‘गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं, बदलायचं नसतं’ हे ऐकून ऐकून जीव मेटाकुटीला आला होता.

म्हापशात एकाने मशीनने फ्लश सुचवला. त्यात जवळजवळ सगळं तेल एकदम बदलतं, पण इतक्या जुन्या तेलातला गाळ सुटून व्हॉल्व बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागात, अडकला तर? तो धोका मला नको होता. म्हणून काढा-भरा पद्धत.

गाडी समपातळीत उचलली. आधी भरायचा बोल्ट सैल केला, कारण तोच अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. मग खालचा बोल्ट काढला. निघालेलं काळपट तेल मोजलं: ३.५ लिटर. नवा वॉशर, पुस्तिकेतल्याच ग्रेडचं तेवढंच तेल. इंजिन चालू, ब्रेक दाबून पी ते डी प्रत्येक जागी काही सेकंद थांबलो. पातळी इंजिन चालू ठेवूनच, पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला तपासली; ते तापमान वाचायला गाडीच्या कंप्यूटरला जोडायचा स्कॅनर लागतो.

एकूण तेल ७ लिटर, म्हणजे एका वेळी निम्मंच बदलतं. मधे आठ-आठ दिवस गाडी चालवून हेच आणखी दोनदा केलं. आता सुमारे ८७ टक्के तेल नवं आहे. रिव्हर्स दुसऱ्या वेळेनंतरच लगेच लागू लागला, घाटातले झटके तिसऱ्या वेळेनंतर गेले.