दुःखाचे गाणे एकत्र रचताना आणि गाताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत घरात मृत्यू झाला की रात्री भजनी मंडळ बोलावण्याची रीत अजून टिकून आहे. अलीकडे काही ठिकाणी, विशेषतः महिला मंडळांत, गेलेल्या माणसावर स्वतःच चार चरण रचून सर्वांनी मिळून म्हणण्याचीही इच्छा दिसते. इच्छा चांगली आहे. परंतु ती कार्यक्रमाच्या सवयींनी हाताळली, तर घरचेच लोक बाजूला पडतात.

सर्वांत मोठी चूक शब्दांत होते. मंडळातला एखादा जाणता गृहस्थ घरी बसून “देह नश्वर आहे, शोक करू नका” या अर्थाचे गाणे लिहून आणतो आणि शोक करण्यासाठीच जमलेल्यांना पहिल्या कडव्यातच गप्प करतो. वास्तविक संतपरंपरेनेही सांत्वनाची एवढी घाई केलेली नाही. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगावरील नामदेवांच्या अभंगांत निवृत्तिनाथांसारख्या ज्ञानी पुरुषाचीही घालमेल झाकलेली नाही. म्हणून शब्द घरच्यांकडूनच घ्यावेत. आपल्याकडे बायका हेल काढून रडताना गेलेल्याचे गुण, सवयी आणि लहानसहान वस्तू आठवतात. गाण्याचा कच्चा माल तिथेच असतो. दुसऱ्या दिवशी संमती घेऊन ती वाक्ये वहीत उतरावीत आणि सहा, सहा, सहा, चार अक्षरांच्या मोठ्या अभंगाच्या मापात बसवावीत, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या तुकड्याचे यमक जुळते आणि नेहमीच्या चालीवर ते लगेच म्हणता येते. “आजी देवाघरी गेली” हे वाक्य कोणत्याही आजीला लागू पडते. त्याऐवजी नमुन्यादाखल असे होऊ शकेल:

चंचीमधी चुना, वाळूनिया गेला,
आजीविना झाला, पारखा गे.

हे उत्तम काव्य नसेल, पण ते एकाच आजीचे आहे. अक्षर एखादे कमीजास्त झाले तर तालावर ओढून घेता येते. मापासाठी घरच्यांचा शब्द बदलू नये.

दुसरी अडचण पट्टीची. मंडळे चढ्या सुरात गाण्याला सरावलेली असतात, तर रडलेल्या माणसाचा गळा दाटलेला असतो आणि त्याला दीर्घ श्वास घेता येत नाही. पेटी नेहमीपेक्षा दोन पट्ट्या खाली घ्यावी, चरण छोटे ठेवावेत आणि आठ मात्रांचा भजनी ठेका संथ चालू द्यावा. अभंगाच्या शेवटी लय वाढवून रंग भरण्याची सवय येथे आवरावी. ध्वनिवर्धक तर नकोच, कारण माइकवाल्याचा आवाज मोठा झाला की बाकीचे श्रोते होतात.

मध्येच कोणाचा आवाज फुटला तर सगळे थांबून त्या व्यक्तीकडे पाहतात, आणि तिला उगाच अपराधी वाटते. टाळकऱ्यांनी ध्रुपद, म्हणजे पालुपद, हलक्या आवाजात चालूच ठेवावे; ती सावरली की आपोआप येऊन मिळते, न मिळाली तरी कोणी बोलावू नये. “तूही म्हण” असा आग्रह करणेही टाळावे, कारण गप्प बसून टाळ धरणाराही गाण्यात असतो. मात्र आठवडे उलटूनही कोणाची झोप, जेवण पूर्ण विस्कटलेले असेल किंवा जगण्याची इच्छाच उरली नसेल, तर भजनावर विसंबू नये. डॉक्टरांना दाखवावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलावे.

सीमाभागातली खास चूक म्हणजे शेजारच्या कन्नड घरांना केवळ ऐकायला बसवणे. मृतात्म्याची निम्मी ओळख त्यांच्याकडेही असते. त्यांचा चरण कन्नडमध्येच राहू द्यावा, मराठीत आणायला गेले तर मापही जाते आणि आठवणही. कन्नड संतकवी पुरंदरदासांच्या पदांची मुद्राच, म्हणजे पदाच्या शेवटी येणारी नाममुद्रा, पुरंदर विठ्ठल असल्यामुळे ध्रुपदाला विठ्ठलाचे नाव ठेवल्यास दोन्ही भाषांना जोडणे सहसा अवघड जात नाही. घर लिंगायत, म्हणजे शिवाची उपासना करणारे, असेल, तर ध्रुपद त्यांनाच विचारून ठरवावे.

मोबाइलवर चित्रण करून ते त्याच रात्री गावाच्या ग्रुपवर टाकू नये, आधी घरच्यांना विचारावे. वही त्यांच्याकडेच ठेवावी. वर्षश्राद्धाला तेच गाणे पुन्हा म्हणायचे असेल, तर एखादा चरण आता नकोसा झाला आहे का, हेही विचारून घ्यावे. तसे असेल तर तो चरण वगळून ध्रुपदावरून सरळ पुढच्या चरणावर जावे.