मूल जेवत नाही म्हणून थेरपी चालू आहे? घरी या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडच्या एका गावातून अडीच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे, खायला शिकवण्याच्या थेरपीसाठी यायचा. घरामागे केळीची बाग. खायचा मात्र चारच गोष्टी: दूध, एका ठरावीक पुड्यातलं बिस्किट, दहीभात आणि केळं. रक्त कमी निघालं म्हणून लोहाचं औषध सुरू झालं. ते तो थुंकून टाकायचा, म्हणून आजीने काळजीपोटी ते कुस्करलेल्या केळ्यात कालवलं. पहिल्याच घासाला त्याने तोंड वाकडं केलं, घास बाहेर काढला आणि त्या दिवसापासून केळं सुटलं. कुणी साल काढायला लागलं तरी तो उठून ओट्यावर जाऊन बसायचा.

तेव्हा पहिली विनंती हीच, की मुलाच्या आवडत्या पदार्थात औषध लपवू नका. जे मूल चार-पाचच पदार्थ खातं, त्याचा त्या पदार्थांवर विश्वास बसलेला असतो. तो एकदा मोडला की पदार्थ जातो आणि पुढच्या वाटीकडेही ते संशयाने बघतं. औषध हे औषध म्हणूनच द्या. मुलाला बसवून, सांगून, ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. चव अजिबात सोसत नसेल तर डॉक्टरांना दुसरं औषध विचारा.

केळं परत आणायला आम्हाला साडेचार महिने लागले. आधी ते नुसतं दुसऱ्याच्या ताटात ठेवलं. मग तो स्वतः केळं सोलून बकरीला भरवायला लागला. बोटांना लागलेला गर त्याला सोसायला लागल्यावर एक दिवस त्याने ते ओठाला लावलं. नंतर चावून वाटीत थुंकलं. थुंकायची वाटी आम्ही मुद्दाम शेजारी ठेवली होती, कारण बाहेर काढता येतं हे कळलं की मूल तोंडात घ्यायला धजतं. नवा पदार्थ मुलाने गिळण्याआधी दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, कधी त्याहून जास्त. दोनदा नाही म्हटलं की "त्याला आवडतच नाही" असा शिक्का मारू नका.

दुसरी चूक सगळ्यात मोठी आहे. "हाऊ काही खास नही व माय" (हा काही खात नाही गं बाई), असं म्हणत आजी पाय लांब करून बसते, मुलाला पायांवर आडवं घेते, एका हाताने नाक दाबते आणि तोंड उघडलं की चमचा रिकामा करते. यामागे माया असते, हे मला पूर्ण ठाऊक आहे. पण अन्नाची आणि श्वासाची वाट घशात एकच असते. रडणारं मूल मोठा श्वास ओढतं, त्याच क्षणी पेज तोंडात असते आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचं मूळ कधी कधी या भरवण्यात सापडतं. शिवाय मनात बसलेली भीती वेगळीच. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला तरी ओठ घट्ट मिटणारी मुलं मी पाहिली आहेत, तेव्हा वाटीत काय आहे हे त्यांना दिसलेलंही नसतं.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी जेवणाच्या जबाबदाऱ्या वाटून दिल्या आहेत: काय, कधी आणि कुठे ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. मला ही वाटणी फार पटते. जेवण वीस ते तीस मिनिटांचं, मग काही न बोलता ताट उचला. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. वजन फारच कमी असलेल्या किंवा नळीने अन्न घेणाऱ्या मुलाचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

बसणं साधं आहे. पाठीला टेकू, मांड्या आणि गुडघे काटकोनात, पाय लोंबकळते न ठेवता पाटावर टेकलेले. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाची मान मागे जाऊ देऊ नका, हनुवटी किंचित खाली हवी. पाण्याचा पेला उंच धरला की मान हमखास मागे जाते, तिथे लक्ष ठेवा.

आता वरण-बट्टी. मिक्सरमधली एकजीव पेज खाणाऱ्या मुलाला "आता मोठं झालं" म्हणून पातळ वरणात कुस्करलेली बट्टी देतात, मूल उबळ काढतं आणि घरचे पुन्हा मिक्सरकडे वळतात. पातळ वरण लगेच घशाकडे धावतं, बट्टीचे कण मात्र चावायचे असतात. दोन्ही एकाच वेळी सांभाळणं हे तोंडाचं सगळ्यात अवघड काम आहे. आधी पेज घट्ट करा. मग ती हाताने घोटून किंचित रवाळ ठेवा, मग मळलेली मऊ खिचडी द्या. चावायला शिकवताना तळलेल्या कुरडईची एखादी काडी दाढेच्या बाजूला ठेवतात, ती लाळेत विरघळते. हे मात्र थेरपिस्टने एकदा तुमच्यासमोर करून दाखवल्यावरच, मुलाला नीट बसवून करा. कायम मिक्सरवर राहणंही बरं नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू होतं, आणि नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळीची ओळख झाली नाही तर पुढे अडचण वाढते.

उबळ आणि ठसका लागून श्वास अडकणं यांत गल्लत करू नका. उबळ आलेलं मूल आवाज करतं, जीभ बाहेर काढतं, घास पुढे ढकलतं. तेव्हा शांत बसा, तोंडात बोट घालू नका. श्वास अडकलेल्या मुलाचा आवाज निघत नाही, ओठ निळे पडतात. ती आणीबाणी आहे, तेव्हा काय करायचं ते आधीच डॉक्टरांकडून शिकून ठेवा. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका. आपल्याकडे ते प्रत्येक घरात असतात, म्हणून मुद्दाम सांगते.

मोबाइल दाखवून पोट भरतं, पण मूल खायला शिकत नाही. एकदम बंद केला तर जेवणच थांबेल. म्हणून आधी शेवटची पाच मिनिटं मोबाइलशिवाय ठेवा, मग दहा. एक वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध जात असेल तर भूक लागणारच नाही, लोहही कमी पडतं. शौचाला कडक होत असेल तर त्याने भूक मरते, तेही डॉक्टरांना सांगा.

कापूस वेचणी सुरू झाली की माझ्याकडची अर्धी मुलं यायची थांबतात. मजुरी बुडवून, एसटी बदलत येणं किती जड जातं ते मला दिसतं. येता आलं नाही तर फोन करा, पण घरचा सराव सोडू नका. माझ्याकडे आठवड्याला पाऊण तास असतो. दिवसाला पाच खाणी धरली तर तुमच्याकडे आठवड्याची पस्तीस.

पाणी पिताना खोकला, गिळल्यावर घोगरा-ओला आवाज, पुन्हा पुन्हा छाती भरणं, वाढ न होणारं वजन, यांतलं काहीही दिसलं तर घरचे उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि ती खोकतही नाहीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे. अंगणवाडी सेविकेकडे मोजायची पट्टी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना 2013 पासून जन्म ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या तिच्या पथकाला मुलाच्या जेवणाची अडचण स्पष्ट सांगा. त्यांच्याकडून पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवलं जातं.

पहिल्यांदा थेरपीला येताना मुलाला पोटभर खाऊ घालून आणू नका. घरची वाटी, घरचाच चमचा, तो खातो तो एक पदार्थ आणि खात नाही तो एक, असं डब्यात आणा. आणि घरच्या एका जेवणाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणा, रडण्याचा भाग न कापता.